सात सेकंदांची हाळी

पौष संपत आला तरी डोंगरावरची थंडी हटायला तयार नव्हती. दिवस कासराभर वर आला होता, पण दरीतलं धुकं अजून बुडाशीच बसलेलं. वाडग्याच्या बाभळीच्या काट्यांवर दहिवर साचलं होतं आणि आत सदतीस मेंढरं एकमेकांच्या अंगात तोंडं खुपसून उभी होती. सिदू खराट्यानं लेंड्या गोळा करत होता. मधेच एखाद्या मेंढीचा पाय उचलायचा, खुरात बोट घालून बघायचा, खडा निघाला तर फेकायचा आणि पुन्हा खराट्याला लागायचा. चाळीस वर्षांत हे काम त्याला कधी जड गेलं नव्हतं. जड जायचं ते आता वाडग्याचा झापा उघडल्यावर.

पूर्वी कसं होतं, की मेंढरं डोंगरावर कितीही पांगू देत, सिदू काठी आडवी धरायचा आणि पोटातून एक हाळी काढायचा. ‘हुऽऽर्र, या या याऽऽ’ अशी, एका दमात, शेवट लांबवत नेलेली. ती पलीकडच्या डोंगराला लागून परत यायची, आणि ती परत यायच्या आत मेंढरं वळलेली असायची. धारूरकडून घाट उतरणारा रस्ता मेंढरांच्या वाटेला आडवा जातो. त्या रस्त्याच्या कडेला आणून सगळी मेंढरं एका हाळीवर उभी करणारा सिदूच, असं आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं सांगायची.

भादव्यात त्याच्या घशातली गाठ काढली. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, जीव राहील, आवाजाचं काही खरं नाही. आता सिदूनं तोंड उघडलं की पंक्चर झालेल्या ट्यूबमधून निघावी तशी नुसती हवा निघायची. काय म्हणतोय ते कळायला समोरच्याला कान जवळ न्यावा लागे. माणसं कान जवळ नेत होती. मेंढरं कशाला नेतील?

त्यानं शीळ घालून बघितली. पुढचे तीन दात नसल्यानं थुंकीच उडाली. थाळी वाजवून बघितली, तर मेंढरं बुजून चारी दिशांना पसरली. बायकोला, मनकर्णाला, हाळी द्यायला लावली. मेंढरांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. शिवाय तिचे गुडघे डोंगर चढेनात. मग दिवाळीपासून सिदू नुसता पळत होता. पुढं जाऊन अडवायचं, मागं येऊन हाकायचं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ऑपरेशन होऊन सहा महिने झाले नाहीत, आणि कुत्र्याचं काम करत होता.

त्या दिवशी तेही निभलं नाही. झापा उघडला, मेंढरं वर गेली, आणि दुपारी सिदू एका लंगड्या मेंढीला ओढ्यातून काढत होता तेवढ्यात बाकीची रस्त्याकडं उतरली. काही थेट आप्पारावांच्या हरभऱ्यात शिरली. उरलेली रस्त्याच्या मधोमध उभी. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला, मागची ट्रॉली आडवी झाली, थोडक्यात वाचला. सिदू वरून तोंड उघडून ओरडत होता. तो ओरडतोय हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

आप्पाराव गावचा मोठा माणूस, पण समजूतदार. त्यांच्या शेतात सिदूच्या बापापासून मेंढरं बसत आलेली, खताला. त्यांनी घरी येऊन शिव्या दिल्या नाहीत, तेलगावला जीवनला फोन केला. जीवन म्हणजे सिदूचा पोरगा. तिथं ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला. तो दिवेलागणीला आला तो चहा न घेताच बोलायला बसला. बोलला काही वाईट नाही. त्यानं व्यापाऱ्याशी बोलणं करून ठेवलंय, मंगळवारी टेम्पो येईल, मेंढरं द्यायची, एवढंच.

“आबा, तुमच्या हातात न्हाई ऱ्हायली आता मेंढरं,” जीवन म्हणाला. “मेंढरू मेलं तर मेलं. पर उद्या तुमच्या मेंढरापायी एखादा टॅक्टरवाला मेला, तर आपुन कुटं तोंड दाखवायचं?”

सिदू चुलीपुढं बसून राहिला. तेव्हा भाकरी थापता थापता रोहिणी, म्हणजे त्याची सून, म्हणाली, “मामा, तुमची हाळी हाय की माझ्याकडं. फोनमदी.”

सिदू ती विसरलाच होता. किंवा त्याला आठवायची नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोहिणीनं फोन पुढं धरला होता. एकदा हाळी द्या, भरून ठेवते म्हणाली. सिदू तयार होईना. मेंढरं त्या दिवशी सिदूच्या जोडीदाराबरोबर, सुग्रीवबरोबर, डोंगरावर गेलेली, वाडगं रिकामं. आणि रिकाम्या वाडग्यात हाळी द्यायची नाही, हे सिदूच्या बापानं त्याला लहानपणी काठीनं शिकवलं होतं. मेंढरं समोर नसताना हाळी द्यायची ती हरवलेल्यालाच. काही हरवलेलं नसताना दिली, तर हरवतं. पण पोरगी फोन धरून उभीच राहिली, डोळ्यात पाणी घेऊन. तेव्हा कडू काढा एका घोटात संपवावा तशी सिदूनं हाळी देऊन टाकली आणि तोंड पुसत बाहेर गेला. त्याच्यानंतर त्याच्या तोंडातून हाळी निघाली नाही ती नाहीच.

“आठ दिस दे,” सिदू जीवनच्या कानाशी जाऊन म्हणाला. “फोनवर वळवून दावतो. न्हाई वळली तर तुजा टेम्पो आन्.”

जीवननं बायकोकडं बघितलं, मग आईकडं. ह्या मंगळवारचं त्या मंगळवारवर गेलं. सोमवारी येऊन स्वतः बघणार, असं ठरलं.

रोहिणीनं लगेच फोन काढला. ती तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची, पण पुस्तक घेऊन बसायला वेळ कुठला. मग भाकरी करताना, धुणं धुताना फोनवर तास ऐकायची, आणि तेही दुप्पट वेगानं, म्हणजे एका धुण्यात दोन तास उरकतात. शिकवणारा मास्तर त्या फोनमधून सदा अंगावर आल्यासारखा बोलायचा. त्याच ॲपमध्ये तिनं हाळी लावली. वेग तसाच राहिलेला. सिदूची हाळी अशी निघाली की कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय दिला असावा. जीवनला हसू आवरेना. मनकर्णाही पदर तोंडाला लावून हसली. सिदू तेवढा हसला नाही.

मग रोहिणीनं वेग नेहमीचा केला. हाळी वाजली. सात सेकंदांत संपली.

मनकर्णानं नाही म्हणून मान हलवली. “ही न्हवं. ही घाईची हाय. जनू कुणी मागं लागलंय तुमच्या.”

बरोबर होतं. सिदू त्या दिवशी घाईतच होता. रोहिणीनं पडद्यावरची पट्टी काढली, तिच्यावरचा ठिपका डावीकडं सरकवत नेला. शून्य पॉइंट नऊ केलं, मनकर्णा म्हणाली अजून हळू. सात केलं, तर हाळी म्हाताऱ्याच्या कण्हण्यासारखी झाली. मग शून्य पॉइंट आठवर आणलं. हातातलं लाकूड चुलीत सारायचं ते मनकर्णाच्या हातातच राहिलं.

“आशीच यायची वरून,” ती शेवटी म्हणाली.

सिदूनं रोहिणीच्या कानाशी तोंड नेलं. “माजा आवाज आसा हाय व्हय?”

“आसाच होता, मामा.”

त्यानं तो कधी ऐकला नव्हता. कोण ऐकतं आपला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. रोहिणीचा एक जुना फोन होता, काचेला चीर गेलेली. तो सिदूला दिला. जीवनचा ट्रॅक्टरवर गाणी वाजवायचा डबा दिला, गळ्यात अडकवायचा, आवाज दरीपार जाईल असा. फोनमधली हाळी डब्यातून निघायची. डबा चालू केला की आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची. ती बोलल्याशिवाय पुढचं काही होत नव्हतं.

सिदूला बाराखडी येत नव्हती, आकडे यायचे पण मराठी. फोनवरचे आकडे इंग्रजी. तेव्हा रोहिणीनं सांगितलं, काठी उभी आहे तो एक, तिथून डावीकडं यायचं, आणि दोन बांगड्या एकावर एक ठेवल्यात, म्हणजे आठ, तिथं थांबायचं. बांगड्यांच्या पुढं आणखी काही दिसलं तर ते खोटं, मागं यायचं. सांगायला सोपं. पण सिदूचं बोट म्हणजे बाभळीची साल. भेगा पडलेलं बोट फोनला माणसाचं वाटतच नव्हतं. दाबलं तर हलायचं नाही, जिभेवर ओलं करून दाबलं तर ठिपका उडी मारून दुसऱ्या टोकाला जायचा, आणि हाळी पुन्हा मांजराची. एकदा तर हाळीच्या जागी मास्तर लागला आणि ग्रामपंचायतीची कलमं सांगू लागला. ते बंद कसं करायचं हे कळेना म्हणून सिदू फोन घोंगडीत गुंडाळून वर बसला.

हा सराव मोठ्या मेंढरांपुढं करायचा नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवलं. त्याचा त्यामागं हिशेब होता. मेंढराच्या कानावर एकदा चुकीची हाळी पडली, ती मानली नाही तरी चालतं असं त्याला एकदा कळलं, की ते बिघडलं. पुन्हा खऱ्या हाळीलाही वळत नाही. तेव्हा हात बसेपर्यंत मोठी मेंढरं सुग्रीवच्या मेंढरांत डोंगरावर पाठवायची. सुग्रीव शेजारच्या वाडीचा, लहानपणापासूनचा जोडीदार. तो न्यायला तयार झाला. सिदू मात्र कोकरांच्या कुडात जाऊन बसायचा.

कार्तिकात झालेली चौदा कोकरं होती, दूध आता तुटत आलेलं. सकाळ-संध्याकाळ मनकर्णा त्यांना बाभळीच्या शेंगा टाकायची. त्याच वेळी सिदू कोपऱ्यात बसून फोनशी झगडायचा. नीट लागली तर हाळी वाजायची, शून्य पॉइंट आठवर. चुकलं तर पुन्हा. तीन दिवस, सकाळी वीसदा, संध्याकाळी वीसदा. कोकरं शेंगा खायची आणि हाळी ऐकायची. त्यांच्याकडं सिदूचं लक्ष नव्हतं. कोकरांना काय कळतंय, असंच तो धरून चालला होता.

चौथ्या दिवशी तो मोठी मेंढरं घेऊन डोंगरावर गेला.

मेंढरं माथ्यावर पांगली. सिदूनं डबा चालू केला, बाई बोलली. फोन काढला, तर उन्हात काचेवर काही दिसेचना. नुसतं स्वतःचं तोंड आणि आभाळ. तो उन्हाकडं पाठ करून वाकला, घोंगडीचा आडोसा केला, त्या आडोशात डोकं घालून बांगड्या शोधल्या. सापडल्या. दाबलं. हाळीच्या जागी एक बाई खणखणीत आवाजात विचारू लागली, केस गळताहेत का? सगळ्या डोंगरानं ते ऐकलं. सदतीस मेंढरांनी मान वर करून बघितलं.

जाहिरात संपेपर्यंत थांबावं लागलं. ती संपली आणि हाळी लागली, पण काठीवर. म्हणजे घाईची. जाहिरात येऊन गेली की वेग पुन्हा पहिल्यावर येतो, हे त्याला संध्याकाळी रोहिणीनं सांगितलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं की त्यानं बोट फोडून लावलेलं ह्या मशिनीनं पुसून टाकलं. तो पुन्हा वाकला, पुन्हा बांगड्या, पुन्हा दाबलं. ह्या वेळी बरोबर लागली. मोरी नावाची म्हातारी मेंढी, सगळ्यांच्या पुढं चालणारी, तिनं कान हलवला. उभी राहिली. बघितलं. आणि पुढं गेली.

पाचव्या दिवशीही तेच. कान हलवायची, उभी राहायची, बघायची, पुढं जायची. मागची सगळी तिच्यामागं. सिदूला धड रागही काढता येईना. शिवी दिली तरी हवाच निघणार.

सुग्रीव आपली मेंढरं घेऊन टेकाडावर बसला होता, तंबाखू मळत. तो हे दोन दिवस बघत होता.

“बे सिद्या,” त्यानं वरून विचारलं, “मेंढराला फोन लावलास व्हय? उचलंना का?”

सिदूनं हात झटकला.

“मिस कॉल दिऊन बघ. रिकामं झालं की करंल तिकडून.”

सिदू चढून त्याच्यापाशी गेला आणि कानाशी वाकून म्हणाला, ती ऐकते, पर येत न्हाई. कावून येत न्हाई?

सुग्रीवनं तंबाखूची चिमूट ओठात दाबली. मग त्याच्या बोलण्यातला चेष्टेचा सूर गेला. “तू हाळी द्यायचास तवा काठी आडवी धरायचास. मेंढराच्या तोंडाकडं तोंड करून हुबा ऱ्हायचास. आता तू काय करतूस? हाळी देतूस आन् पाठ फिरवून घोंगडीत डोकं घालतूस. मी मेंढरू आसतो तर मी बी गेलो आसतो.”

सिदू तिथंच बसला. खरं होतं. चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की मेंढरं त्याच्या आवाजाला वळतात.

संध्याकाळी त्यानं रोहिणीला सांगितलं, हात न लावता हाळी वाजायला पाहिजे. फोन खिशात, काठी हातात, तोंड मेंढरांकडं. रोहिणीनं डोकं चालवलं आणि फोनला अशी कळ लावून दिली की एकदा सुरू केली की हाळी संपली की पुन्हा तीच, पुन्हा तीच. सहाव्या दिवशी सिदू काठी आडवी धरून उभा राहिला. डब्यातून हाळी निघाली. मोरी थबकली. वळली. पाच-सहा पावलं त्याच्याकडं आलीसुद्धा. आणि तेवढ्यात दुसरी हाळी निघाली. मग तिसरी. मेंढरू वळल्यावर हाळी थांबते, हा करार होता. ही हाळी थांबतच नव्हती. सिदू खिशात हात घालून फोन दाबू लागला, काठी खाली पडली, डबा ओरडतच होता. मोरीनं थोडा वेळ वाट बघितली आणि चरायला लागली. संध्याकाळपर्यंत हाळी दोनशेदा वाजली असेल. मेंढरांना ती वाऱ्यासारखी झाली.

घरी आल्यावर सिदूनं फोन रोहिणीपुढं ठेवला. मनकर्णानं ताट वाढलं, ते त्यानं बाजूला सारलं. “फोनवर राग आन् पोटाला शिक्षा का?” ती म्हणाली. मग तिनं हळूच रोहिणीला सांगितलं, हल्ली हा माणूस झोपेतही काठी आडवी धरतो.

सातव्या दिवशी रोहिणीनं अभ्यास बाजूला ठेवला आणि दिवसभर त्या फोनमागं लागली. विमानाचं चिन्ह दाबून ठेवलं की जाहिरात येत नाही हे तिला सापडलं. मग हाळीच्या आधी थोडी शांतता जोडून ती नव्यानं भरली, म्हणजे दाबल्यावर सिदूला फोन खिशात टाकून सरळ उभं राहायला सवड मिळेल. वेग शून्य पॉइंट आठवर रोवला. एकदाच वाजणार, मग बंद. सिदूनं अंगणात दहादा करून बघितलं. दहाही वेळा जमलं. पहिल्यांदाच फोननं त्याचं ऐकलं होतं.

सोमवारी जीवन गॅरेजातून अर्धा दिवस काढून मोटारसायकलवर आला. सुग्रीव आला. रोहिणीही टेकडीच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी कोकरंही पहिल्यांदाच मोठ्यांबरोबर सोडली होती, दूध तुटलं होतं, आता डोंगर दाखवायला. ती आपली मागं मागं, एकमेकांना धडका देत.

मेंढरं चरत चरत उताराला लागली. खाली रस्ता. दुपारची वेळ, उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक चाललेले. जीवननं रस्त्याकडं बघितलं. मोरी रस्त्यापासून दोनशे पावलांवर होती.

सिदूनं डबा चालू केला. बाई बोलली. फोन काढला, बोट जिभेवर लावलं, दाबलं, खिशात टाकला. काठी आडवी धरली. पाय रोवले. तोंड मेंढरांकडं. शांतता सरली आणि हाळी निघाली. नऊ सेकंदांची, घाई नसलेली, सहा महिन्यांपूर्वी यायची तशी. डोंगराला लागून परत आली. खाली रोहिणीनं तोंडावर हात ठेवला.

मोरी थांबली.

आणि मागून चौदा कोकरं सुटली. उताराचं भान न ठेवता, उड्या मारत, एकमेकांवर आपटत, मोठ्या मेंढरांच्या पायांतून वाट काढत ती थेट सिदूकडं आली. त्याच्या पायांशी गोळा झाली. डब्याकडं तोंडं वर करून ओरडू लागली. दोघांनी घोंगडीचं टोक चावायला घेतलं. शेंगा कुठं आहेत, असं.

मोरीनं कोकरांकडं बघितलं, सिदूकडं बघितलं. काठी आडवी धरलेला माणूस तिला दिसत होता, आवाजही येत होता, आणि तरी दोन्हीचा मेळ तिला लागत नव्हता. तीन दिवस त्या आवाजानं तिला फसवलं होतं. ती वळली नाही. रस्त्याकडं चालू लागली, मागून छत्तीस मेंढरं.

सिदूनं फोन काढून पुन्हा दाबला. पुन्हा काठी धरली. हाळी बरोबर निघाली, अगदी बरोबर, आणि कोकरं आणखी जवळ सरली. तिसऱ्यांदा दाबलं. तोवर जीवन आणि सुग्रीव उतारावरून पळत सुटले होते. जीवन रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्यानं लांबूनच बघितलं म्हणून बरं. तो खाली उतरून जे बोलायचं ते बोलला. जीवननं ऐकून घेतलं.

सिदूचा हात फोनसकट वर गेला, खडकावर आपटायला. पण फोन सुनेचा होता. त्यानं हात खाली आणला. कोकरांना पायानं बाजूला सारलं, ती पुन्हा आली. तीन दिवस कुडात बसून त्यानं शिकवलं होतं, ते ह्यांना. ज्यांना शिकवायचं होतं त्यांना बिघडू नयेत म्हणून लांब ठेवलं होतं. ज्याला मेंढरं कळतात असं सगळी म्हणायची, त्या माणसानं.

जीवन धापा टाकत वर आला. बापापुढं उभा राहिला.

“आबा, उद्या टेम्पो येतोय.”

सिदूनं मान हलवली. करार त्याचाच होता. मग त्यानं पायाशी जमलेल्यांकडं काठीनं दाखवलं आणि ओठ हलवले. जीवन वाकला, कान जवळ नेला.

“ही वळली,” सिदू म्हणाला.

जीवननं कोकरांकडं बघितलं. एक त्याच्या बुटाची नाडी ओढत होतं. “वळली,” तो म्हणाला. “ही न्हाई द्यायची. पर मोठी जातील.”

मंगळवारी टेम्पो सकाळीच आला. व्यापाऱ्याच्या माणसानं फळी लावली, पण मेंढरं फळीवर चढेनात. मोरीनं पाय रोवले होते. दोघांनी ढकललं, सुग्रीवनं शिंगं धरून ओढलं, ती तसूभर हलेना. व्यापाऱ्याच्या माणसाला कुणीतरी हाळीचं सांगितलं असावं. तो सिदूच्या गळ्यातल्या डब्याकडं बघत म्हणाला, बाबा, तुमची हाळी लावा की त्याच्यावर, मंग चढतील पटापटा.

जीवननं मान खाली घातली. मनकर्णा घरात गेली.

सिदूनं डब्याची कळ बंद केली, गळ्यातून काढला आणि रोहिणीच्या हातात दिला. मग त्या माणसापाशी जाऊन त्याच्या कानाशी तोंड नेलं. तो माणूस आधी दचकला, मग त्यानं ऐकलं.

“लावली तर जी द्यायची न्हाईत तीच चढतील,” सिदू म्हणाला.

तो माणूस हसला. त्याला वाटलं म्हाताऱ्यानं विनोद केला. सुग्रीव हसला नाही. सिदूनं मोरीच्या पोटाखाली एक हात घातला, दुसरा मानेखाली, आणि तिला उचलून स्वतः आत ठेवली. तिचं वजन त्याला माहीत होतं. ती आत गेल्यावर बाकीची तिच्यामागं आपोआप चढली. छत्तिसांना उचलावं लागलं नाही.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा रोहिणी म्हणाली, कोकरांसाठी हाळी तशीच ठेवते, वेग हलू देत नाही. सिदूनं मान हलवली, पण फोन घेतला नाही, डबाही नाही. कुडात चौदा कोकरं ओरडत होती. त्यांचा पाण्याचा टब सकाळपासून कोरडा होता, गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सिदूनं दोन्ही बादल्या उचलल्या आणि हापशाकडं चालला. हापसा थंडीनं आखडलेला, पहिले दहा-बारा हात नुसतीच हवा आली. तो हापसत राहिला, तोवर पाणी वर आलं, आणि पहिली बादली भरायला लागली.